रानतुळशीचं तेल सप्टेंबरात चाललं, मग संक्रांतीला का नाही?

तुमचा प्रश्न मला समजला तसा आधी मांडते, चुकत असेन तर लगेच सांगा. तुम्ही भांडुपला राहता, मनोरीला मावसभावाच्या वाडीत कंपाउंडच्या कडेने रानतुळस माजलीये. गणपती झाल्यावर तिचा ४ किलो पाला आणून घरीच कुकरला नळी लावून १२ मिली तेल काढलंत, आईच्या तांदळाच्या डब्यात कापसावर चार थेंब टाकून ठेवलेत, आणि दोन दिवसांत टोके झाकणापाशी येऊन मरून पडले. मग संक्रांतीला परत त्याच कडेचा ४ किलो पाला, परत १२ मिली तेल, आणि ह्या वेळी टोके त्या कापसावरूनच आरामात चालत गेले. तुम्ही विचारताय की डिस्टिलेशन बिघडलं की पाला तोडायची वेळ चुकली, आणि वेळ म्हणजे सकाळ की संध्याकाळ.

मी २६ वर्षं सुगंधी तेलांच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये होते, आता रिटायर होऊन मुलुंडला घरीच छोटी भट्टी लावते, तर त्या अनुभवावर सांगते. सकाळ-संध्याकाळ हा प्रश्न आहेच, पण तो तिसऱ्या नंबरचा. पहिला प्रश्न महिन्याचा, खरं तर महिन्याचाही नाही, झाड तेव्हा कुठल्या अवस्थेत होतं त्याचा. आणि १२ मिली म्हणजे १२ मिली असं जे तुम्ही धरून चाललाय ना, तिथेच सगळं अडलंय.

बघा, सप्टेंबरातला पाला हाताला गार लागतो, त्यात तीन चतुर्थांश तरी पाणीच असतं, म्हणजे तुमच्या ४ किलोत कोरडा माल जेमतेम १ किलो. संक्रांतीचा पाला चुरचुरीत, झाडावरच वाळलेला, त्या ४ किलोत ३ किलोच्या वर कोरडा माल असणार (कुकरमध्ये एकदम मावलाही नसेल, दोन-तीन घाणे काढावे लागले असतील). म्हणजे तिप्पट माल घालून तुम्हाला तेवढंच तेल मिळालं. त्यात तुम्हीच लिहिलंय की पहिल्यांदा दीड तासात काम झालं आणि दुसऱ्यांदा ‘तेल येतच नव्हतं म्हणून’ साडेतीन तास गॅस चालू ठेवला. मी हे वाचलं आणि मला उत्तर तिथेच दिसलं. तुम्ही १२ चा आकडा गाठला, पण तो वेगळ्याच तेलाने गाठला.

तेल म्हणजे एक वस्तू नाही, ती मिसळ आहे. रानतुळशीच्या तेलात सहसा सॅबिनीन, सिनिओल (निलगिरीच्या तेलात असतं तेच, नाकात थंड झुळूक जाते ते) असे हलके घटक असतात आणि कॅरिओफायलीनसारखे जड घटक असतात. सिनिओल १७६ अंशांना उकळतं, कॅरिओफायलीन २५० च्या वर. हलके भरभर उडतात, जड बसून राहतात. आता डब्यातल्या टोक्याला कापसावरचं तेल काही चाटायला लावत नाही आपण, त्याला मारते ती डब्यात कोंडलेली वाफ, आणि वाफ हलक्या घटकांचीच जास्त होते. जड घटक निरुपयोगी आहेत असं नाही, अंगाला लागले तर त्रास देतात, कीड थोडी लांब ठेवतात, वासही जास्त दिवस टिकतो, पण बंद डब्यात धुरी दिल्यासारखं काम त्यांच्याकडून होत नाही. संक्रांतीच्या वाळक्या पाल्यातून हलका भाग आधीच उन्हावाऱ्याने निघून गेलेला, आणि साडेतीन तासांनी जे आलं ते बहुतेक जड. तुमच्या बाटलीचा रंगही पहिल्यापेक्षा पिवळा-तपकिरी असेल आणि तेल काचेला जरा धरून राहत असेल, बघा बरं.

हे नाकानेही कळतं. आम्ही लॅबमध्ये कागदाच्या पट्टीवर थेंब टाकून वास घ्यायचो, तुम्ही लग्नपत्रिकेच्या जाड कागदाच्या दोन पट्ट्या कापा, एकीवर सप्टेंबरचं तेल आणि एकीवर जानेवारीचं (सप्टेंबरचं २-४ थेंब तरी उरलं असेल अशी आशा आहे). लगेच हुंगा, दहा मिनिटांनी हुंगा, मग दोन तासांनी हुंगा. सप्टेंबरचं आधी नाकात घुसेल आणि दोन तासांनी अर्धंअधिक गेलेलं असेल. जानेवारीचं सुरुवातीलाच मऊ, लाकडासारखं, मिरीसारखं लागेल आणि दोन तासांनीही जवळपास तसंच असेल. तसं झालं तर माझं म्हणणं बरोबर. तसं नाही झालं, तर मग आपल्याला दुसरीकडे शोधावं लागेल.

दुसरीकडे म्हणजे कुठे, तर झाड तेच होतं का. हसू नका, रानतुळस ह्या नावाने आपल्याकडे तीन तरी झाडं चालतात. एक खरोखरच तुळशीच्या जातीतली जंगली, एक ती मोठी रामतुळस लवंगेच्या वासाची, आणि तिसरी अमेरिकेतून आलेली, जी पावसाळ्यात मोकळ्या प्लॉटवर पुरुषभर वाढते, निळसर जांभळी बारीक फुलं येतात, वास उग्र. तुमची ती तिसरी असावी असं वर्णनावरून वाटतं. खात्री करायची असेल तर तिचं बी चिमूटभर पाण्यात टाका, सब्जासारखं फुगून बुळबुळीत होतं. हे एकट्याने पुरावा होत नाही, कारण सब्जाचं बीही फुगतं, पण वाळलेल्या फुलाखालच्या टोपीला टोकदार काटे असतात आणि त्या टोप्या पँटला, सॉक्सला चिकटतात, ते तुळशीचं होत नाही. संक्रांतीला वाडीतून आलात तेव्हा सॉक्स साफ करत बसायला लागलं होतं का? लागलं असेल तर झाडही तेच आणि उशीरही तोच.

ह्यावरून रोशा गवत आठवलं, थोडं विषयांतर होतंय पण तुमच्याच कामाचं आहे. खानदेशातल्या रोशा गवताचं (तिखाडीचं) तेल एकेकाळी मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राच्या वाटेने तुर्कस्तानात जायचं आणि तिथून बल्गेरियात गुलाबाच्या अत्तरात भेसळीला, म्हणून त्याचं नावच पडलं टर्किश जिरेनियम ऑईल, गुलाबही नाही, जिरेनियमही नाही आणि तुर्कस्तानचंही नाही. त्या तेलाचे दोन प्रकार होते, मोतिया आणि सोफिया, मोतिया उंची आणि सोफिया हलक्या प्रतीचा. जुन्या काळी लिहिणाऱ्यांची समजूत अशी की गवत एकच, कोवळं असताना मोतिया आणि जून झालं की सोफिया. पुढे कळलं की ह्या दोन वेगळ्या जातीच आहेत. म्हणजे जाणकार लोकांनी वेळेच्या माथी जे मारलं होतं ते झाडाचं निघालं. म्हणून मी आधी झाड विचारते. आणि त्याच रोशाकडून दुसरी गोष्टही शिकण्यासारखी आहे, त्याचं तेल फुलोऱ्यात जास्त असतं म्हणून ते पूर्ण फुलल्यावर, बी धरायला लागल्यावर कापतात. तेव्हा कोणी ‘सुगंधी झाड नेहमी कळीत असताना तोडायचं’ असा सरसकट नियम सांगितला तर सोडून द्या, तो झाडावर आणि तुम्हाला त्यातलं काय हवंय त्यावर ठरतो.

आता आपल्या रानतुळशीचं. मुलुंडला आमच्या सोसायटीच्या मागे एक पडीक प्लॉट होता (आता टॉवर आहे), तिथे मी दोन सीझन दर पंधरा दिवसांनी एकाच कडेचा १ किलो पाला आणायचे, ऑगस्टपासून जानेवारीपर्यंत, आणि नोंदी कालनिर्णयच्या मागच्या पानावर. एकच जागा, दोनच वर्षं, त्यामुळे हे शास्त्र म्हणून घेऊ नका, पण चित्र दोन्ही वर्षी सारखंच आलं. ऑगस्टमध्ये पानं मोठी, पाणचट, तेल अगदी थोडं पण वास कडक. सप्टेंबर अखेरीला कळ्या आणि पहिली फुलं, तेल वाढलं, वास अजून तसाच. ऑक्टोबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात भर फुलोरा, तेल मोजायला सगळ्यात जास्त. नोव्हेंबरात माप फार उतरलं नाही पण रंग गडद. डिसेंबरपासून माप आणि वास दोन्ही उतरलं. आणि गंमत ही की टोक्यांवर सगळ्यात चांगलं चाललं ते ऑक्टोबरचं नाही, सप्टेंबर अखेरचं. म्हणजे तेल जास्तीत जास्त मिळायचा आठवडा आणि तेल जास्तीत जास्त कडक असायचा आठवडा एक नव्हते, पंधरा-वीस दिवसांचं अंतर होतं. साबणवाल्याला विकायचं असतं तर मी ऑक्टोबरचा धरला असता, डब्यात घालायचं म्हणून सप्टेंबरचा.

असं का होतं, तर तुळस, पुदिना, रानतुळस ह्या एकाच कुळातल्या, ह्यांचं तेल पानाच्या आत नसतं, पानावरच्या बारीक ग्रंथींमध्ये असतं. दहा पटीचं भिंग घेऊन पान उलटं करून उजेडात धरा, लवीच्या मधेमधे चकचकीत ठिपके दिसतील, तेच. ह्या ग्रंथी बहुतेक पान कोवळं असतानाच तयार होतात आणि भरतात, पुढे पान पसरतं, नव्या फारशा येत नाहीत. मग उन्हाने, वाऱ्याने, पानं एकमेकांवर घासून त्या फुटत जातात. आणि आतलं रसायनही एकसारखं राहत नाही. पेपरमिंटमध्ये हे फार स्वच्छ दिसतं, कोवळ्या पानात मेन्थोन जास्त असतं आणि पान जून होईल तसं त्याचं मेन्थॉल होत जातं, झाड तेच, पान तेच, तेल वेगळं. रानतुळशीत कुठल्या घटकाचं नेमकं काय होतं ते जागेप्रमाणे बदलतं, एका गावची सिनिओलने भरलेली तर दुसऱ्या गावची दुसऱ्याच कशाने. मनोरीची वाडी समुद्राला लागून, ऊन भरपूर, जमीन रेताड, माझा प्लॉट डोंगराच्या सावलीचा, त्यामुळे माझा सप्टेंबर अखेर तुमचा आठवडाभर इकडेतिकडे होऊ शकतो.

म्हणून तारखेवर जाऊ नका, काडी बघा. फुलोऱ्याची एक काडी हातात घ्या, खालची दोन-चार फुलं उमललेली, त्यांच्या खालच्या टोप्या अजून हिरव्या आणि दाबल्या तर मऊ, वर सगळ्या कळ्या, ही वेळ. खालच्या टोप्या तपकिरी होऊन टोचायला लागल्या की आपल्या कामाचा हंगाम संपला. तोडताना वरचा वीतभर शेंडा पानांसकट घ्या, खालची जाड काडी आणि पिवळी पानं राहू द्या, त्यात तेल नाहीच्या बरोबर आणि कुकरमधली जागा खातात.

पावसाचं मात्र सांभाळावं लागतं. हवामान खात्याने २०२० मध्ये तारखा बदलल्या तेव्हापासून मुंबईतून मान्सून जायची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर धरतात, आधी २९ सप्टेंबर होती. म्हणजे आपली चांगली वेळ नेमकी शेवटच्या पावसात येते. दोन-तीन दिवस सलग उघडीप मिळाली की तिसऱ्या दिवशी तोडा. पावसाने तेल धुऊन जातं म्हणून नाही, ओला पाला पोत्यात भरला की तापतो म्हणून. ह्याचा माझा अनुभव कडू आहे. एका वर्षी मी शहापूरकडून टेम्पोभर पाला मागवला होता, गाडीवाल्याने ‘रात्री पोचतो’ सांगितलं आणि मधेच कुठेतरी झोप काढून दुसऱ्या दिवशी दुपारी उगवला. पोत्यात हात घातला तर शेक लागला, आतला पाला काळपट, वास मुरघासासारखा आंबट. तरी हट्टाने भट्टी लावली, तेल आलं सुद्धा, पण त्याला तो आंबलेला वास राहिला तो राहिलाच. तेव्हापासून मी टोपलीत आणते किंवा पोतं अर्धंच भरते, आणि घरी आल्या आल्या पेपरवर पातळ पसरते, पंख्याखाली, सावलीत, एक रात्र. गच्चीत उन्हात अजिबात नाही, गच्चीत वाळवताना जो छान घमघमाट सुटतो ना तोच आपला माल उडून चाललेला असतो.

आता तुमची सकाळ-संध्याकाळ. मी दव उडाल्यावर आणि ऊन तापायच्या आत तोडते, म्हणजे साधारण ९ ते ११. ऑक्टोबर हीटमध्ये दुपारी २ ला तोडलेला पाला पिशवीत भरेपर्यंतच मलूल होतो. पण हेही सगळ्या झाडांना लागू नाही, रामतुळशीबद्दल ब्राझीलमध्ये दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी तोडून बघितलं होतं तर युजेनॉल (लवंगेचा वास देणारा घटक) भर दुपारी जास्त आणि संध्याकाळी पार कमी निघालं. तुमच्या झाडासाठी एकदा एकाच दिवशी सकाळचा आणि दुपारचा असा दोन वेळचा पाला काढून बघा, फरक पडलाच तर थोडा पडेल, सप्टेंबर आणि जानेवारीइतका नक्की नाही.

भट्टीवर एकच बदल करा, पहिल्या तासाचं तेल वेगळ्या बाटलीत धरा आणि पुढचं वेगळ्या. सिनिओलसारखे घटक लवकर येतात, कॅरिओफायलीन मागाहून रेंगाळत येतं. डब्यासाठी पहिली बाटली. आणि ती रबराची नळी काढून टाका, रबर तेल पितं, प्रिन्सेस स्ट्रीटवर काचेचं सामान मिळतं, जमलं तर तिथून छोटं क्लेव्हेंजर घ्या, १९२८ सालचं डिझाईन आहे पण पाला तोलून तेल मोजायला अजूनही तेच वापरतात. तेल गडद बाटलीत, गळ्यापर्यंत भरून, फ्रीजमध्ये. अर्धी रिकामी बाटली खिडकीत राहिली तर सप्टेंबरचं तेलसुद्धा जानेवारीपर्यंत म्हातारं होतं.

आणि तपासायचं ते टोक्यांवरच तपासा, मिलीवर नाही. दोन सारख्या बरण्या घ्या, दोन्हीत थोडे तांदूळ आणि २०-२० टोके, एकीत तेलाचा कागद लटकवा, दुसरीत कोरडा कागद, झाकण घट्ट, एक दिवस उघडायचं नाही. मग मोजा, पण मोजताना एक लक्षात ठेवा, टोका मेल्याचं सोंग घेतो. बरणी हलवली की पाय पोटाशी घेऊन ढिम्म पडतो, आपण ‘मेला’ म्हणून लिहितो आणि पाच मिनिटांनी महाशय चालायला लागतात. माझी पहिली सगळी नोंद ह्यामुळे फुकट गेली होती. तेव्हा ताटलीत काढून दहा-पंधरा मिनिटं तसेच ठेवा, मग सुईने हळूच पायाला लावून बघा. कोरड्या कागदाच्या बरणीतही चार-पाच मेलेले निघाले तर टोकेच आधीपासून मरतुकडे होते, परत करा.

जानेवारीचा प्रयोग आणखी एका कारणाने कमजोर पडतो, थंडीने. पहाटे १६-१७ अंश असताना तेलाची वाफ कमी होते आणि टोकेही सुस्त असतात, श्वास कमी घेतात. त्यामुळे दोन्ही तेलं एकाच दिवशी, शेजारी शेजारी लावून बघितल्याशिवाय सगळं खापर पाल्यावर फोडू नका, माझा अंदाज पाल्यावरच असला तरी.

आईला एक सांगून ठेवा, हे तेल वरवर फिरणाऱ्या टोक्यांना मारतं, पण मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक बुजवते, अळी दाण्यातच वाढते. आपल्या हवेत महिना-सव्वा महिन्याने नवे टोके बाहेर पडतात. तेव्हा ‘तेल चाललं नाही’ म्हणायच्या आधी हे आधीचे उरलेले आहेत की दाण्यातून नवीन आलेत ते बघा. कापूस भोकं पाडलेल्या डबीत ठेवा, तेल तांदळाला लागू देऊ नका, वास धुऊनही जात नाही आणि हे खायचं तेल नाही. घरात लहान मूल किंवा दम्याचं कोणी असेल तर डबा गॅलरीत उघडायचा.

शेवटी तुम्ही ओझरतं विचारलंय की नॅशनल पार्काच्या कडेला खूप दिसते, तिथून आणू का. नाही. आत एक पानही तोडता येत नाही, आणि रेल्वे ट्रॅकच्या कडेची तर मुळीच नको, तिथे तणनाशक मारतात. मनोरीची घ्या आणि बी धरायच्या आत जेवढी तोडता येईल तेवढी तोडा, मावसभाऊ आभारच मानेल. बचतगटातर्फे विकायचा जो विचार लिहिलाय, त्यात ‘कीड मारते’ असं लेबल लावायचं असेल तर १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते, ते घरगुती पातळीवरचं काम नाही. आणि तेलात नेमकं काय आहे हे आकड्यात हवंच असेल तर पवईच्या आयआयटीत ‘सैफ’कडे (तिथली तपासणीची लॅब) पैसे भरून जीसी-एमएसला (तेलातले घटक वेगळे करून ओळखणारं यंत्र) सॅम्पल देता येतं. एक सप्टेंबरचं, एक जानेवारीचं, दोन्ही पाठवा, एकटं पाठवून काही कळणार नाही. जानेवारीचं उरलेलं तेल फेकू नका, त्या सॅम्पलला लागेल.

पट्ट्यांचं काय झालं ते कळवा, आणि सॉक्सचंही.